लाकडाचा लेथ: दोन्ही बाजूंनी पाडलेली भोके मध्यात एकमेकांना भेटत नाहीत

नवा_कातारी

नमस्कार. माझ्याकडे लाकूड कातण्याचा एक लहान, साधा लेथ आहे. दोन सेंटरमधील (लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या अणींमधील) अंतर ४५० मि.मी., पट्टा बदलून मिळणाऱ्या पाच गती, त्यांतील सर्वांत कमी गती मिनिटाला ७५० फेऱ्यांची, आणि हेडस्टॉक (लाकूड फिरवणारे डोके) व टेलस्टॉक (समोरचा, सरकणारा आधार) या दोन्हींना एमटी-टू टेपर, म्हणजे सेंटर किंवा चक बसवण्याचे ठरावीक मापाचे निमुळते भोक. दोन सेंटरमध्ये लाकूड धरून लाटणी, पटाशीच्या मुठी आणि पाटाचे पाय कातणे आता बऱ्यापैकी जमू लागले आहे. अडचण आहे ती भोक पाडण्याची.

मला टेबलावरच्या दिव्यासाठी २०० मि.मी. उंचीचा सागवानी खांब करायचा आहे आणि वायर नेण्यासाठी त्याच्या मधोमध ८ मि.मी.चे आरपार भोक हवे आहे. एका टाकाऊ तुकड्यावर प्रयोग करून पाहिला. तुकडा आधी दोन सेंटरमध्ये कातून त्याला पूर्ण आकार दिला, मग चार जबड्यांच्या चकात (लाकूड आवळून धरणाऱ्या पकडीत) धरला, टेलस्टॉकमध्ये १३ मि.मी.चे ड्रिल चक बसवले आणि लांब सिरीजच्या (नेहमीपेक्षा लांब) ८ मि.मी. बिटाने निम्म्यापर्यंत भोक पाडले. नंतर तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूनेही तसेच केले. भोक सुरू होताना बिटाचे टोक लाकडावर लहानसे वर्तुळ काढत थरथरत होते. वायर आरपार जाईना म्हणून तुकडा उभा चिरला, तेव्हा दोन्ही भोकांच्या मध्यरेषांमध्ये जवळजवळ ५ मि.मी. अंतर दिसले.

बिटाची निवड चुकीची आहे, गती चुकीची आहे, की माझा लेथच वाकडा आहे, हे कसे ओळखावे? शिवाय याच लेथवर टी-लाइट मेणबत्तीसाठी ४० मि.मी. व्यासाची खोलगट जागा फोर्स्टनर बिटाने (सपाट तळाचे रुंद भोक पाडणाऱ्या) करावी असा विचार आहे. त्यासाठी ७५० ही गती चालेल का?

शिसवी_खांब

आपण तुकडा चिरून पाहिलात हे फार चांगले केलेत, कारण बाहेरून पाहून यातले काहीच समजले नसते. आपण दिलेल्या वर्णनावरून दोष बिटाचा कमी आणि क्रमाचा जास्त वाटतो. लेथवर आरपार भोक हवे असेल तर भोक आधी पाडावे आणि बाहेरचा आकार त्या भोकाला धरून नंतर कातावा. आधी आकार पूर्ण केला की मध्यरेषा ठरून जाते आणि बिटाला ती शोधत जावे लागते. उलट क्रमाने काम केले तर भोक एक-दीड मिलिमीटर सरकले तरी बिघडत नाही, कारण ते जिथे निघाले तोच मध्य धरून आपण बाहेरचे लाकूड काढतो.

दुसरी गोष्ट तुकडा उलटा करण्याची. आकार दिलेला गोल भाग चकाच्या जबड्यांत धरून उलटवला, तर तो पूर्वीच्याच अक्षावर येईल याची काहीही खात्री नसते. जबड्यांना टेकायला सपाट खांदा नसेल तर तुकडा किंचित तिरका बसतो, आणि चकाजवळ केसाएवढा असलेला तिरकेपणा २०० मि.मी. अंतरावर उघड दिसतो. ५ मि.मी.च्या फरकाचे मुख्य कारण मला इथेच दिसते.

मी हे काम कसे करतो ते सविस्तर लिहितो. पूर्ण वाळलेला, गाभा नसलेला, साधारण ६५ मि.मी. चौरस आणि २१५ मि.मी. लांब ठोकळा घ्यावा. गाभ्यातून भोक जाऊ देऊ नये, कारण तिथून चिरा निघतात. ओल्या लाकडात पाडलेले भोक लाकूड वाळल्यावर लंबगोल होते, कारण लाकूड वलयांच्या कडेने जितके आकसते त्याच्या जवळपास निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. हा ठोकळा दोन सेंटरमध्ये धरून फक्त गोल करावा आणि त्याच बैठकीत, म्हणजे तुकडा न काढता, दोन्ही टोकांना ५० मि.मी. व्यासाचा व सात-आठ मि.मी. लांबीचा खुंट कातून त्याला काटकोनी खांदा ठेवावा. दोन्ही खुंट एकाच बैठकीत कातलेले असल्यामुळे त्यांचा अक्ष एकच असतो. पुढे कोणतेही टोक चकात धरले तरी तोच अक्ष मिळतो, मात्र जबडे आवळताना खांदा जबड्यांच्या तोंडाला पूर्ण टेकला पाहिजे आणि खुंटाचे टोक चकाच्या तळाला लागता कामा नये.

आता सुरुवात. बिट ज्या ठिकाणी शिरते आणि पहिल्या वीस-तीस मिलिमीटरमध्ये जी दिशा धरते, तीच ते पुढे सोडत नाही. त्यामुळे माझा निम्म्याहून अधिक वेळ या पहिल्या इंचावर जातो. तुकडा फिरत असताना टोकाचा छेद सपाट करून घ्यावा, शक्य तर मध्याकडे किंचित खोलगट. मग स्क्यू (तिरक्या धारेचे कातण्याचे हत्यार) टूल रेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवण्याच्या आधारावर, आडवे ठेवून त्याच्या लांब टोकाने बरोबर मध्यावर लहानशी शंक्वाकार खळगी करावी. खळगी मध्यावर असेल तर टोक स्थिर राहते. मध्य चुकला असेल तर टूल हाताला हलके धक्के देते आणि खळगीच्या तळाशी लाकडाचा एक बारीक उंचवटा शिल्लक राहतो. तो उंचवटा दिसेनासा होईपर्यंत ड्रिल पुढे आणू नये. त्यानंतर लोखंडाच्या लेथवर वापरतात ते आखूड, जाड सेंटर ड्रिल घ्यावे. ते वाकत नाही, म्हणून ते भटकतही नाही. त्याने तोंड करून झाल्यावर साधे ८ मि.मी.चे बिट चकाबाहेर शक्य तितके कमी ठेवून पहिले ३० मि.मी. भोक पाडावे, आणि मगच लांब बिट लावावे. लांब बिटाला आधीच सरळ झालेल्या भोकाच्या भिंतींचा आधार मिळतो. आपण लांब बिटानेच सुरुवात केलीत, म्हणून त्याचे टोक वर्तुळ काढत होते.

बिट कोणते, हा प्रश्न सागवानाच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. सागवानात वर्षवलयाचा सुरुवातीचा भाग मऊ व सच्छिद्र असतो आणि नंतरचा कठीण. साध्या ११८ अंशांच्या बिटाच्या टोकावरची मधली आडवी धार लाकूड कापत नाही, फक्त रगडते, त्यामुळे ते मऊ वलयाकडे घसरू पाहते. मधोमध अणकुचीदार टोक असलेले ब्रॅड पॉइंट बिट सुरुवात नेमकी करते, पण तंतूंच्या दिशेने खोल जाताना साधे बिटही उत्तम चालते, फक्त ते ताजे धार लावलेले हवे. सागवानात नैसर्गिक सिलिका असते आणि ती धार लवकर मारते.

शेवटी भुसा. ८ मि.मी.च्या साध्या बिटाची एकूण लांबी ११७ मि.मी. आणि खाचांची लांबी ७५ मि.मी. असते, लांब सिरीजमध्ये हेच आकडे १६५ आणि १०९ असे आहेत. खाचा पूर्णपणे भोकात बुडाल्या की भुशाला बाहेर पडायला वाट राहत नाही, तो दबून बिट आवळतो आणि लाकूड आतून भाजते. म्हणूनच वर २१५ मि.मी. लांबी सांगितली, दोन्ही बाजूंनी १०८-१०८ मि.मी. गेल्यावर भोके भेटतात आणि खाचांचे तोंड बाहेरच राहते. सुरुवातीला दर १० मि.मी.ला आणि ७० मि.मी.च्या पुढे दर ५ मि.मी.ला बिट पूर्ण मागे घेऊन खाचा ब्रशने साफ कराव्यात. ढलप्या फिकट आणि मोकळ्या येत असतील तर सर्व ठीक आहे. तपकिरी पूड आणि जळका वास येऊ लागला तर बिट कापत नसून घासत आहे.

भोक आरपार झाल्यावर खांबाच्या तळाकडचा खुंट चकात धरावा, वरच्या टोकाच्या भोकात रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा (लाकडाबरोबर फिरणाऱ्या सेंटरचा) शंकू बसवावा आणि मग बाहेरचा आकार कातावा. बल्बचा होल्डर वरच्या टोकाला बसतो, तिथेच नजर जाते, आणि तिथे भोक अगदी मध्यावर येते.

मोर्स_टेपर

वरील पद्धतीशी पूर्ण सहमत आहे, पण लेथ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर बसवा, टेलस्टॉकमध्ये दुसरे बसवा आणि दोन्ही टोके एकमेकांजवळ कागदाएवढ्या अंतरावर आणून वरून आणि समोरून, दोन्हीकडून पाहा. आधी टेलस्टॉकचा दांडा (हातचाकाने आत-बाहेर होणारा) जवळजवळ पूर्ण आत ठेवून पाहा, नंतर तो ५० मि.मी. बाहेर काढून पुन्हा पाहा. दोन्ही वेळा सारखाच फरक दिसला तर टेलस्टॉक सरकलेला आहे. दांडा बाहेर काढल्यावरच फरक वाढत असेल तर टेलस्टॉक तिरका बसतो आहे. लहान लेथवर बहुतेक वेळा कारण साधेच असते. टेलस्टॉकच्या तळाखाली भुशाचा घट्ट थर किंवा रंगाचा थेंब असतो, किंवा बेडच्या (टेलस्टॉक ज्यावर सरकतो त्या लेथच्या तळाच्या) खाचेत टेलस्टॉकला आडवी ढिलाई असते. ढिलाई असेल तर कुलूपाचा दांडा आवळण्यापूर्वी टेलस्टॉक प्रत्येक वेळी एकाच बाजूला दाबून धरावा. रोज तोच फरक मिळाला तर निदान तो मोजून पातळ पत्र्याने सुधारता तरी येतो.

लेथवर लाकूड फिरते आणि बिट स्थिर असते, त्यामुळे बिट भटकण्याचे प्रमाण हातातल्या ड्रिलपेक्षा बरेच कमी असते. टेलस्टॉक सरकलेला असेल तर भोक सहसा तिरके जात नाही, त्याचे तोंड मोठे आणि पसरट होते. चिरलेल्या तुकड्यात भोकाचे तोंड ८ मि.मी.पेक्षा मोठे आहे का, हे कॅलिपरने मोजून कळवावे.

जागेचाही हिशेब आधी करावा. चकाचे साधारण ६० मि.मी., लाकडाचे २०७, चकाबाहेर आलेल्या लांब बिटाचे १२५ आणि ड्रिल चकाचे सुमारे ९० धरले तर ४८२ मि.मी. होतात. ४५० मि.मी.च्या लेथवर दोन्ही सेंटर काढल्यावर यापेक्षा थोडी अधिक जागा मिळते, म्हणजे काम जेमतेम बसेल. ३०० मि.मी.चा लेथ असलेल्यांनी हा खांब दोन तुकड्यांत करून जोडावा.

ड्रिल चक टेपरमध्ये केवळ घर्षणावर टिकते, हे विसरू नये. बसवण्यापूर्वी टेपरचा दांडा आणि टेलस्टॉकची आतली बाजू कोरड्या कापडाने पुसावी. तेल अजिबात नको. पुढे दाबताना चक घट्ट होत जाते, पण मागे घेताना बिट भोकात अडकले तर चक टेपरमधून निसटते आणि लाकडाबरोबर गरगर फिरू लागते. यासाठी एका हाताने हातचाक उलटे फिरवत असताना दुसऱ्या हाताने ड्रिल चकाचे अंग घट्ट धरून ठेवावे. हातात मोजे नकोत, बाही कोपरापर्यंत वर हवी आणि हात बिटाच्या किंवा फिरत्या लाकडाच्या दिशेने पुढे सरकता कामा नये. बिट जोरात अडकले आहे असे वाटताच लेथ बंद करावा आणि लाकूड हाताने फिरवून बिट मोकळे करावे.

दांड्याची चाल लहान लेथवर ५०-६० मि.मी. इतकीच असते. त्यापुढे जाण्यासाठी लेथ बंद करावा, दांडा पूर्ण आत घ्यावा, टेलस्टॉक सैल करून बिट भोकात सरकवत संपूर्ण टेलस्टॉकच पुढे आणावा, पुन्हा आवळावा आणि मग लेथ सुरू करावा. चालू लेथवर टेलस्टॉक सैल करून ओढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आंबा_फणस

या चर्चेत एक उपप्रश्न विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे चार जबड्यांचे चक नाही आणि तूर्तास घेणे शक्य नाही. फक्त काटेरी ड्राइव्ह सेंटर, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवण्याची चकती) आणि एक ड्रिल चक एवढेच साहित्य आहे. अशा स्थितीत टोकातून लांब भोक पाडता येईल का?

जुनी_यंत्रशाळा

येईल. आपल्या कामासाठी फेसप्लेट सोयीची नाही, कारण लांब तुकड्याच्या टोकाच्या छेदात स्क्रू नीट धरत नाहीत. त्याऐवजी काम उलटे करावे, म्हणजे ड्रिल फिरवावे आणि लाकूड स्थिर ठेवावे.

ड्रिल चक हेडस्टॉकमध्ये बसवावे. इथे एक अट आहे: हेडस्टॉकच्या पोकळ स्पिंडलमधून आटे असलेली सळई घालून ड्रिल चकाचा टेपर मागून खेचून धरावा. आपल्या आर्बरच्या (ड्रिल चकाच्या निमुळत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला आटे नसतील तर तसा आर्बर वेगळा घ्यावा. हेडस्टॉकमध्ये ड्रिल चक नुसते ठोकून वापरू नये, थरथरीने ते सैल होते. लाकूड या वेळी चौकोनीच असू द्यावे. दोन्ही छेदांवर कर्ण आखून मध्य काढावा आणि टोच्याने खोल खूण करावी. एका टोकाची खूण टेलस्टॉकच्या सेंटरवर टेकवावी, दुसऱ्या टोकाची खूण बिटाच्या टोकाला लावावी. ठोकळ्याची एक सपाट बाजू टूल रेस्टवर टेकलेली हवी. समोर उभे राहिल्यावर स्पिंडलची आपल्याकडची बाजू खाली जाते, त्यामुळे बिट ठोकळ्याला टूल रेस्टवरच दाबते आणि तो फिरू शकत नाही. तरीही ठोकळा केवळ हाताच्या भरवशावर सोडू नये. त्याला जी-क्लॅम्पने एक लांब पट्टी आवळावी आणि ती पट्टी बेडला टेकवावी, म्हणजे बिट अचानक अडकले तरी धक्का पट्टीवर जातो, मनगटावर जात नाही. मग टेलस्टॉकचे हातचाक फिरवून लाकूड बिटावर चढवत न्यावे.

यात बिट आपोआप समोरच्या टोकावरील खुणेच्या दिशेने जाते, हा मोठा फायदा आहे. मात्र एका दमात आरपार जाऊ नये, नाहीतर बिट पोलादी सेंटरवर आदळेल. निम्म्यापर्यंत गेल्यावर लेथ बंद करून ठोकळा उलटावा. आता सेंटरचा शंकू नुकत्याच पाडलेल्या भोकात बसेल आणि दुसऱ्या बाजूचे भोक त्याच्याच रोखाने येईल. भोके भेटताना बिट एकदम पुढे खेचले जाते, म्हणून शेवटचे काही मिलिमीटर हातचाक अगदी सावकाश फिरवावे. त्यानंतर एका टोकाला लाकडाची पाचर-खुंटी घट्ट बसवून तिच्या मध्यावर ड्राइव्ह सेंटर लावावे, दुसऱ्या टोकाच्या भोकात शंकू ठेवावा आणि आकार कातावा.

माझे मत विचाराल तर चक हाताशी असतानाही २०० मि.मी.पेक्षा लांब, बारीक तुकड्यांसाठी मी हीच पद्धत निवडेन. चकातून बाहेर लोंबणारा लांब तुकडा फिरवण्यापेक्षा बारीक बिट फिरवणे केव्हाही निर्धोक.

नवा_कातारी

सर्वांचे मनापासून आभार. भोकाचे तोंड मोजले: एका बाजूला ८.२ मि.मी. आणि ज्या बाजूला बिट थरथरत होते तिथे ९.५ मि.मी. भरले. दोन्ही सेंटरची टोके जुळवून पाहिली तेव्हा वरून बरोबर दिसली, पण समोरून पाहता टेलस्टॉकचे टोक किंचित वर होते. टेलस्टॉक उचलून पाहिला तर त्याच्या तळाशी वाळलेल्या डिंकाचा आणि भुशाचा थर होता. तो खरवडून काढल्यावर टोके जुळली. आता दोन्ही टोकांना खुंट कातून, सेंटर ड्रिल आणि आखूड बिटाने सुरुवात करून नवीन ठोकळ्यात भोक पाडले. दोन्ही भोके भेटली, आत बोटाच्या नखाला जाणवेल इतकाच बारीक कंगोरा आहे आणि वायर सहज गेली. सागवान महाग असल्यामुळे हा प्रयोगही आधी आंब्याच्या लाकडावर केला.

फोर्स्टनर बिटाबद्दलचा प्रश्न मात्र राहिलाच आहे.

शिसवी_खांब

९.५ चा आकडा पाहून टेलस्टॉकबद्दलची शंका खरी ठरली. तो थर दर काही दिवसांनी पुन्हा साचतो, त्यामुळे भोक पाडण्यापूर्वी तळ पुसण्याची सवय ठेवावी.

४० मि.मी.च्या फोर्स्टनरसाठी ७५० ही गती जास्त आहे. ८ मि.मी.चे बिट मिनिटाला १००० फेऱ्यांनी वापरले तर त्याच्या कडेला लाकडाचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर असतो, ४० मि.मी.च्या बिटाच्या कडेला ७५० फेऱ्यांना तोच वेग ९४ मीटर होतो. टी-लाइटच्या कामात आपण बहुधा टोकाच्या छेदातूनच आत जाणार, आणि तिथे फोर्स्टनरची कड सर्वांत जास्त घासते. साधे पोलादी बिट एकदा तापून निळे पडले की त्याची धार टिकत नाही. या मापाला ३०० ते ४०० फेऱ्या योग्य. आपल्या लेथवर त्या मिळत नसल्यामुळे माझा सल्ला असा की २५ मि.मी.च्या फोर्स्टनरने, त्यालाही ७५० थोडी जास्तच असल्याने हलक्या दाबाने व वारंवार थांबत, १४-१५ मि.मी. खोल भोक पाडावे. खोली मोजण्यासाठी टेलस्टॉकच्या दांड्यावरील खुणा वापराव्यात. खुणा नसतील तर बिटाच्या दांड्यावर मास्किंग टेप गुंडाळावी. मग टूल रेस्ट छेदासमोर आडवा आणून चौकोनी तोंडाच्या स्क्रेपरने ते भोक आतून ४० मि.मी.पर्यंत वाढवावे. टी-लाइटची वाटी साधारण ३८ मि.मी. व्यासाची असते, तेव्हा हातातली वाटीच अधूनमधून लावून पाहता येते. अर्थात लेथ पूर्ण थांबल्यावर. वाटीची धातूची कड लाकडाच्या किंचित वर राहील एवढीच खोली ठेवावी, म्हणजे ज्योत लाकडाच्या काठाला लागत नाही.